तोच सिनेमा, दुसऱ्यांदा विकत

मागच्या महिन्यात एका रविवारी जेवणे आटोपल्यावर बाबांनी फर्माईश केली, "तो बूट खाणारा लाव." चार्ली चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’चे आमच्या घरातले हे नाव. नागपूरला एम. ए. करत असताना, २००३ साली, सीताबर्डीच्या फूटपाथवरून मी त्याची व्हीसीडी आणली होती. बालाघाटला आल्यावर तिचे किती प्रयोग झाले, याची गणती नाही. बाबा इंग्रजीचे शिक्षक. पडद्यामागून जे इंग्रजी निवेदन चाले, त्याचे ते लगोलग मराठी करून आईला सांगत आणि त्यात पदरची दोन वाक्ये घालत. आई चॅप्लिनला हसायची की बाबांना, हे मला आजवर कळलेले नाही.

आता आई नाही. बाबांनी ऐंशी ओलांडली आणि गेल्या चार वर्षांत त्यांचे कान जवळपास गेले. श्रवणयंत्र आहे, पण ते बहुधा खिशात असते. टीव्हीवरचे सिनेमे त्यांनी सोडूनच दिले. मूकपट तरी त्यांच्यासाठी शाबूत आहेत, अशी माझी समजूत होती. त्या रविवारी दहा-पंधरा मिनिटांत ते माझ्याकडे वळले. "अरे, ह्याचे ओठ हलतात, पण पाटी येतच नाही. मूकपट आहे ना हा?"

प्रश्न बिनतोड होता. इतक्या वर्षांत मला तो पडला नव्हता, याची थोडी लाजही वाटली. घडले होते असे, की चॅप्लिनने हा सिनेमा १९२५ साली पाट्यांसह मूकपट म्हणून काढला. पुढे बोलपटांचे राज्य आल्यावर १९४२ साली त्याने स्वतःच तो पुन्हा कापला, पाट्या काढून टाकल्या, संगीत घातले आणि सगळी गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगितली. शेवटचे चुंबनही गाळले. आमची व्हीसीडी ह्या दुसऱ्या अवताराची. म्हणजे वीस-बावीस वर्षे आम्ही मूकपट म्हणून जे पाहत होतो, तो एक प्रकारे बोलपट होता. कान असणाऱ्याला त्यात काही कमी नव्हते. कान नसणाऱ्याला मात्र निम्मी गोष्टच गेली.

मूळ १९२५ ची आवृत्ती दुरुस्त करून पुन्हा उभी केलेली आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाने केलेली तिची ताजी प्रत सिनेमाच्या शंभरीच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, कान महोत्सवात दाखवली गेली. त्याआधी, २०१२ साली, अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीने काढलेल्या संचात तर १९२५ आणि १९४२ अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. पुण्याचा भाचा तो संच मागवून द्यायला तयार आहे. टपालखर्च धरून रक्कम तीन हजारांच्या वर जाते. आमच्या सौ.नी आकडा ऐकला आणि विचारले, "घरात आहे ना तो सिनेमा? मग परत कशाला?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘नवी, स्वच्छ, झळाळती प्रत’ अशी जाहिरात करून एकच सिनेमा व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे अशा तीन कपड्यांत विकण्याचा धंदा आहेच. चित्रावरचे चार ओरखडे पुसले म्हणून मी खिशात हात घालणार नाही. ओरखड्यांसकट सिनेमा कळतो.

मात्र कधी कधी सिनेमाच बदललेला असतो. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये लागला आणि काही महिन्यांतच वितरकांनी त्याला कात्री लावली. कापलेला भाग कायमचा गेला असे सगळे धरून चालले होते. २००८ साली अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात, त्याची जवळपास पूर्ण प्रत सापडली. तीही १६ मिलिमीटरची, ओरखड्यांनी भरलेली. त्यातली सुमारे पंचवीस मिनिटे जोडून २०१० साली सिनेमा पुन्हा बर्लिनमध्ये दाखवला गेला. जोडलेला भाग आजही अंधुक दिसतो, लगेच ओळखू येतो. माझ्याकडे त्याची आधीची, सुबक दिसणारी डीव्हीडी होती. तरी नवी घेतली, कारण जुनीत काही पात्रे उगाचच ये-जा करत असल्यासारखी वाटत. ती तिथे का आहेत, हे नवी पाहिल्यावर समजले.

दुसरी गोष्ट वेगाची. मूकपटांचा कॅमेरा बहुधा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस चित्रे, जशी गरज असेल तशी. बोलपट आल्यावर चोवीस चित्रांचा नियम झाला आणि जुन्या फिती त्याच वेगाने पळवल्या जाऊ लागल्या. जुन्या काळची माणसे तुरुतुरु चालायची, हा आपला समज बऱ्याच अंशी त्यातून आला. (विनोदी सिनेमात मुद्दाम वेग वाढवत, हेही खरे.) रंगांचेही तसेच. रात्रीचे प्रसंग भर उन्हात चित्रित करून फीत निळी रंगवत. पुढच्या काळ्यापांढऱ्या प्रतींत तो निळा रंग गेला, आणि ‘नोस्फेराटू’मधले ते रक्तपिपासू भूत स्वच्छ उन्हात हिंडू लागले! रंग पूर्ववत केलेली प्रत पाहिली की भीती परत जागेवर येते.

एवढे सगळे सौ.ना समजावत असताना माझ्या डोक्यात भलताच विचार आला. एकच सिनेमा दोनदा घ्यावा की नाही, ही चैन परक्यांच्या सिनेमाबाबतच करता येते. आपल्याकडे एकदा घ्यायला तरी काय उरले आहे? हजाराहून अधिक मूकपट ह्या देशात निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजावे इतके पूर्ण स्वरूपात सापडतात. फीत नायट्रेटची, म्हणजे पेट घेणारी. शिवाय तिच्यातली चांदी काढण्यासाठी जुन्या फिती विकल्या गेल्या. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला. चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि ती दोन रिळे मूळ सिनेमाची की फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५), ज्यात तरुण शांतारामबापू शेतकरी झाले होते, तो तर गेलाच. पेंटरांनी १९३६ साली तोच विषय बोलपट म्हणून पुन्हा केला, पण त्याने मूकपट परत येत नाही. ‘गोल्ड रश’ही त्याच १९२५ सालचा. एकाची शंभरी कान महोत्सवात, दुसऱ्याची फीतच नाही.

हिमांशू रायांचा ‘शिराज’ (१९२८), ताजमहालाच्या दंतकथेवरचा, टिकला तो लंडनला. २०१७ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो दुरुस्त केला, अनुष्का शंकर यांनी त्याला नवे संगीत दिले. त्याची डिस्क मी पहिल्यांदाच घेईन, आणि त्यासाठी सौ.ची परवानगीही मागणार नाही.

राहता राहिला ‘गोल्ड रश’. चॅप्लिनला १९४२ ची प्रतच आपली वाटत होती, आणि निर्मात्याचा तो अधिकार मी मानतो. पण आमच्या घरात ज्याच्यासाठी सिनेमा लावायचा, त्याला पाट्या हव्या आहेत. बाबांना अजून चष्म्याशिवाय ठळक अक्षर वाचता येते. भाच्याला मी होकार कळवला. एक व्यवहाराची सूचना मात्र करून ठेवतो: ब्लू-रेला प्रदेश ठरवून दिलेले असतात. भारत ‘सी’त, अमेरिका ‘ए’त, ब्रिटन ‘बी’त. परदेशी डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असे नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी डिस्कच्या पाठीवरचे अक्षर आणि आपला प्लेअर दोन्ही पाहून घ्यावे. आमचा प्लेअर चालणार नाही असे दिसते. भाचा दिवाळीला दुसरा घेऊन येतो आहे, म्हणजे हिशेब आणखी वाढला. तो आकडा अजून घरात सांगितलेला नाही.

बाबांना पाटीवर लिहून हे सगळे कळवले. आमच्या घरी आता शाळेतली पाटी-पेन्सिल पुन्हा आली आहे, श्रवणयंत्रापेक्षा तिचा भरवसा जास्त. त्यांनी वाचले, पुसले आणि विचारले, "मग ती जुनी फेकतोस काय?"

मी मान हलवली, नाही.

"ठेव. तुझी आई तिच्यावरच हसायची."

व्हीसीडीच्या कव्हरला चिकटपट्टी लावून ती मी कपाटात परत ठेवली आहे.