पोचीराम कांबळे आणि विद्यापीठाचे नाव

दरवर्षी १४ जानेवारीस छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी अफाट जनसमुदाय लोटतो. नामांतराच्या लढ्यात बळी पडलेल्यांना तेथे अभिवादन केले जाते. त्यांत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचे नाव अग्रभागी असते. त्यांची हत्या कशासाठी झाली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. मागणी अवाजवी खचितच नव्हती. विद्यापीठ १९५८ साली निघाले, तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० पासूनच या शहरात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत, चालू होते. तथापि ठराव होताच मराठवाड्याच्या तत्कालीन पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्या पेटविण्यात आल्या. ऑगस्टच्या प्रारंभी टेंभुर्णीत जमावाने पोचीराम यांना क्रूरपणे ठार मारले.

विरोधकांनी कारण सांगितले ते प्रादेशिक अस्मितेचे. निजामी राजवटीतून आलेल्या या मागास प्रदेशाचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पण ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती, त्या शेतमजुरांच्या झोपड्या जाळून कोणती अस्मिता राखली गेली? वस्तुतः खेड्यातले भांडण नावाचे नव्हतेच. गावकीची कामे नाकारणारा, गायरान कसू पाहणारा, मुलाला वसतिगृहात धाडणारा दलित गावाच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होता. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांनी शेतमालकाच्या दाराव्यतिरिक्त मजुरीचे दुसरे दार किलकिले केले होते. नामांतर हे निमित्त झाले.

पोचीराम हे मातंग समाजातले, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. आंबेडकरी चळवळ म्हणजे एकाच जातीची, अशी गावाची सोयीस्कर समजूत होती. हलगी वाजविणे, दोर वळणे आणि त्याबदल्यात पदरात पडेल ते धान्य घेणे, ही मातंगाची ठरलेली जागा. तोच जेव्हा ‘जय भीम’ म्हणू लागतो, तेव्हा बलुत्याचा सारा हिशेबच कोलमडतो. प्राण गेला तरी पोचीराम यांनी तो शब्द सोडला नाही, असे चळवळीत आजही सांगितले जाते.

अस्पृश्यताविरोधी कायद्यास ‘नागरी हक्क संरक्षण’ हे भारदस्त नाव मिळून तेव्हा दोन वर्षेही पुरती झाली नव्हती. या हत्याकांडांचा धडा घेऊन अत्याचार प्रतिबंधक कायदा यावयास १९८९ साल उजाडले, आणि नामांतरास १९९४. तेही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून! त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ निघाले आणि नांदेड जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. ज्या नावासाठी पोचीराम गेले, ते नाव त्यांच्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या पदवीपत्रांवर आज नसते. गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची प्रकरणे तर मराठवाड्यातील अनेक गावांत अद्यापि पडूनच आहेत.