तिजोरीची किल्ली कोणाकडे?

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची तिजोरी कोणी फोडली नाही. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेचे सोंग दुसऱ्याच यंत्रणेने घेतले. खात्यातील शिल्लक न पाहताच ती होकार देत गेली आणि २८ देशांतून पैसे निघाले. दोन दिवसांनी हाँगकाँगकडे आणखी रक्कम वळली. एकूण ९४ कोटी! ३१ डिसेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची श्रेणीवार चौकट घालून दिली. कागद झाला. हे झाले मोठ्या बँकेचे. सातारा-सांगलीत शेतकरी, शिक्षक, हमाल यांच्या घामाच्या ठेवी लहान बँकांत आहेत. त्यांच्या वार्षिक सभांत लाभांशावर घसे कोरडे होतात. संगणकाची किल्ली कोणत्या कंत्राटदाराच्या हाती, हा प्रश्न क्वचितच निघतो. सभासद असलेल्या कार्यकर्त्यांनी येत्या सभेत तो लेखी विचारावा आणि संचालकांकडून सुरक्षा-तपासणीचा हिशेब मागावा.