मूलपेशींची आशा आणि तिचा बाजार

ओझी वाहणाऱ्या किंवा दिवसभर उकिडवे बसून काम करणाऱ्या माणसाच्या गुडघ्याची वाटी झिजली, की त्याचे केवळ चालणे थांबत नाही, रोजीही थांबते. मानखुर्द-गोवंडीचा परिसर ज्या ‘एम पूर्व’ प्रभागात मोडतो, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व प्रभागांत तळाशी होता. अशा वस्तीत ‘शस्त्रक्रियेवाचून गुडघा पूर्ववत’ ही मूलपेशींची, म्हणजेच स्टेम सेलची, जाहिरात पोचते तेव्हा तिच्याकडे केवळ वैद्यकीय कुतूहलाने पाहून चालणार नाही.

मूलपेशींचे शास्त्र खोटे नव्हे. परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली देशातील पहिले अस्थिमज्जारोपण झाले, ते याच पेशींच्या बळावर. मज्जेतील दुसऱ्या एका जातीच्या पेशी प्रयोगशाळेत हाड आणि कूर्चा घडवू शकतात, हेही सिद्ध आहे. आमवातात सांध्याचा दाह हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवतो आणि हाड बांधणाऱ्या पेशींना मागे रेटतो. तेव्हा बांधणाऱ्या पेशी बाहेरून पुरवाव्यात, ही कल्पना तर्कसंगतच आहे. अडचण अशी, की दाह तसाच राहिला तर हा उपद्व्याप गळक्या छपराखाली भिंतीला गिलावा करण्यासारखा ठरतो. शिवाय सांध्यात टोचलेल्या पेशी तेथे ठाण मांडून नवे हाड उभारतात, याचा भक्कम पुरावा नाही. ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रूढ करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदला, असे सुचविले. या पेशी बांधकाम करीत नसून औषधी संदेश स्रवतात, असे त्यांचे म्हणणे होते.

मान्यताप्राप्त उपचार अगदी थोडे आहेत. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरू लागते (कोविडनंतर असे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदविले), त्यासाठी रुग्णाच्याच हाड बांधणाऱ्या पेशी वाढवून देण्याच्या मुंबईतील एका कंपनीच्या उपचारास २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. गुडघ्याच्या झिजेसाठी बेंगळुरूच्या कंपनीचे मूलपेशींचे औषध २०२२ मध्ये मान्य झाले. तथापि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सुमारे पावणेपाचशे रुग्णांना मज्जेतील, चरबीतील वा नाळेतील पेशी किंवा नेहमीचे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. वर्षानंतर वेदनेच्या बाबतीत कोणत्याही पेशी त्या स्वस्त इंजेक्शनपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

मग बाजार फोफावतो कसा? अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि म्हणून भाजीबाजाराचे नियम तेथे लागू पडत नाहीत. संधिवाताच्या कळा तर आपोआप कमीजास्त होतात. उतार पडला की श्रेय इंजेक्शनला! कृत्रिम गुडघ्याच्या बाबतीत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये हस्तक्षेप केला आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत, करांखेरीज, ५४,७२० रुपयांवर आणली. तो सांधा निदान मोजूनमापून घेता येतो. सिद्ध न झालेल्या पेशींची किंमत मात्र रुग्णाच्या अगतिकतेवरच ठरते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत निःसंदिग्ध आहेत: रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज इतरत्र मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच व्हावा, आणि चाचणीत सामील रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. याचा सरळ अर्थ असा, की मान्यता नसलेल्या पेशींसाठी जो फी मागतो तो चाचणी करीत नाही, विक्री करीत आहे. हे वाक्य महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशेजारी, मराठी, हिंदी आणि उर्दूत लावण्यास फारसा खर्च येणार नाही. शीव किंवा परळच्या पालिका रुग्णालयांत अशा चाचण्या विनामूल्य चालवायच्या तर खर्च येईल. पण तो आज कर्ज काढून किंवा दागिने मोडून घराघरांतून होणाऱ्या खर्चाच्या जागी येईल, आणि त्यातून पेशी उपयोगी आहेत की नाहीत एवढे तरी कळेल.