सगळीकडे घेतात!

ताईला गाडी घ्यायची होती तेव्हा ती मला बरोबर घेऊन गेली. मला गाड्यांतलं फार कळतं म्हणून नव्हे. "एकटी बाई दिसली की गुंडाळतात रे, तू नुसता शेजारी बस," असं तिने सांगितलं होतं. मी बसलो. नुसताच बसलो. त्याचीच ही गोष्ट.

२०२५ चा दसरा. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा कर कमी झाला होता. छोट्या पेट्रोल गाडीवर आधी जीएसटी आणि उपकर मिळून २९ टक्के पडायचे, ते १८ वर आले. ताईने तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर ड्रायव्हिंग क्लास लावला, आणि आता पीएफमधून स्वतःची पहिली गाडी घ्यायची ठरवलं होतं. कर्ज नाही, कुणाची मदत नाही. तिच्या दृष्टीने तो दिवस म्हणजे लग्नकार्याइतका मोठा.

शोरूममध्ये ही गर्दी! एकीकडे पेढे, एकीकडे गाड्यांना घातलेले झेंडूचे हार, लाल साटिनच्या कापडाखाली झाकलेल्या गाड्या आणि त्यांच्यापुढे फोटो काढणारी कुटुंबं. आमच्यापुढे एका पोरसवदा सेल्समनने कागद ठेवला. तो असा:

एक्स-शोरूम किंमत ७,२०,०००. आरटीओ ८७,०००. विमा ३८,४००. लॉजिस्टिक व हॅण्डलिंग ७,५००. एसेन्शियल किट १४,९००. फास्टॅग ६००. एकूण ८,६८,४००.

ताईने सवयीने पर्समधून लाल पेन काढलं आणि एकेका ओळीवर टेकवत चालली. "हे हॅण्डलिंग म्हणजे काय?"

"मॅडम, गोडाऊनमधून गाडी इथे आणायची, धुवायची, पॉलिश करायची..."

"म्हणजे दुकानात माल आणायचा खर्च गिऱ्हाइकाने द्यायचा?"

पोरगा गप्प. त्याने माझ्याकडे पाहिलं. मागे आणखी दोन कुटुंबं ताटकळत उभी होती, त्यातल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं. मला एकदम संकोच वाटला. आठ लाखांची गाडी घ्यायची आणि साडेसात हजारांसाठी हुज्जत घालायची, असं लोक म्हणतील असं वाटलं. मी म्हणालो, "अगं, सगळीकडे घेतात. मुहूर्त टळेल."

ताईने पेनाचं टोपण लावलं आणि चेक लिहिला.

आता या पाडव्याच्या सुमाराला भाच्याची गाडी घ्यायची निघाली. तुलनेसाठी म्हणून मी ताईची फाइल मागवून घेतली आणि रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो. चहा गार झाला.

पहिली ओळ आरटीओची. आपल्या महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे. म्हणजे ७९,२००. त्यावर थोडा अधिभार, नोंदणीचे ६०० रुपये, स्मार्टकार्डाचे २००. फाइलमधल्या सरकारी पावत्यांची बेरीज होती ८१,६००. घेतले होते ८७,०००. वरचे ५,४०० कुठे गेले याची पावती नाही. कर्ज असतं तर बोजा नोंदवायचे १,५०० आणखी लागतात, पण इथे कर्जच नव्हतं.

दुसरी ओळ विम्याची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नव्या चारचाकीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्याचा दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये अधिक कर. तो कुठेही घ्या, तेवढाच. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्याचा दर कंपनीगणिक वेगळा, आणि सगळी गंमत त्यातच. तशाच विम्याचं बाहेरचं कोटेशन मी मागवलं तर ते २७,००० च्या आसपास आलं. फरक ११,४००.

एसेन्शियल किट म्हणजे चार मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, एक सुगंधी डबी आणि डॅशबोर्डवरचा गणपती. गणपती घरचा नेला असता तर तोही प्रसन्नच असता.

मी बेरीज केली. ५,४००, ११,४००, ७,५०० आणि १४,९००. एकूण ३९,२००. कर कमी झाल्यामुळे ताईचे साधारण ६७ हजार वाचले होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक रकमेला शोरूमने परस्पर हात घातला, आणि मी शेजारी बसून होतो.

एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूमच्या दारातली किंमत. कारखान्यातून तिथवर येण्याचं भाडं, सगळे कर आणि डीलरचं कमिशन त्यात धरलेलं असतं. मग वर पुन्हा लॉजिस्टिक कशाचं? किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, असं सांगणं म्हणजे एका वस्तूच्या विक्रीला दुसऱ्या वस्तूची अट घालणं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला 'प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा' असं नाव आहे आणि त्याविरुद्ध तक्रार करता येते. डीलरने विमा विकण्याबद्दल विमा नियामकाने २०१७ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही ग्राहकावर सक्ती चालत नाही. "बाहेरचा विमा घेतलात तर कॅशलेस होणार नाही हं," ही ठरलेली भीती. प्रत्यक्षात कॅशलेस होतं की नाही हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर ठरतं. तेवढं आधी विचारून घ्यावं, झालं.

तर अशी तयारी करून आम्ही मामा-भाचे शोरूममध्ये गेलो. दुसऱ्या. कागद आला, त्यात हॅण्डलिंग ८,००० होतं. मी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणालो, "हे कशाबद्दल आहेत ते लेटरहेडवर लिहून द्या आणि याची वेगळी पावती द्या." पोरगा आत मॅनेजरकडे गेला. दोन मिनिटांनी परत आला तेव्हा नव्या कागदावर ती ओळच नव्हती. किट 'ऐच्छिक' झालं होतं. विमा बाहेरून घ्यायलाही कुणाची हरकत उरली नव्हती.

भाचा खूश. "मामा, तू भारीच आहेस!"

मला मात्र ती दोन मिनिटं लागली. कारण दसऱ्यालाही ती दोनच मिनिटं लागली असती.

आता डीलरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते एकतर्फी होईल. गाडीमागे डीलरला सुटतात ते थोडेच टक्के. त्यात मोठ्या रस्त्यावरच्या जागेचं भाडं, पगार, न खपलेल्या गाड्यांवर बँकेचं व्याज. शिवाय आपणच चार शोरूम फिरून "तो इतका डिस्काउंट देतोय, तू किती देतोस?" असं विचारतो. मग डिस्काउंट वरच्या ओळीत मिळतो आणि खालच्या चार ओळींत परत काढून घेतला जातो. समोर बसलेल्या पोराला तर महिन्याचं टार्गेट असतं, विमा आणि किट किती खपवलं यावर त्याचा इन्सेन्टिव्ह. त्याच्यावर डाफरण्यात काही अर्थ नाही. म्हणून मी त्याच्याशी भांडलो नाही आणि तुम्हीही भांडू नका असंच सांगेन. पण धंदा अवघड आहे याचा अर्थ खोटी ओळ लिहायला हरकत नाही, असा होत नाही. परवडत नसेल तर कमिशनसाठी कंपनीशी भांडा, डिस्काउंट कमी द्या. निवृत्त शिक्षिकेच्या कागदावर 'आरटीओ' लिहून सरकारी पावतीपेक्षा जास्त पैसे घेऊ नका.

अमेरिकेतल्या मावसभावाला हे फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. तिकडेही 'डॉक फी' नावाचा प्रकार आहे. कागदपत्रं करायचे पैसे. कॅलिफोर्नियात कायद्याने त्याला कमाल मर्यादा आहे, साधारण ८५ डॉलर. फ्लोरिडात तशी मर्यादाच नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये अशा छुप्या आकारांविरुद्ध नियम केला, तो जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने रद्द ठरवला. म्हणजे 'सगळीकडे घेतात' हे माझं वाक्य मी समजत होतो त्याहून खरं निघालं! पण खरं असलं म्हणून ते कारण कसं होतं?

मला वाटतं, हा सगळा व्यवहार आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या संकोचावर चालतो. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी आपण दोन रुपयांची घासाघीस करतो, ती बिचारी बाई ऊन खात बसलेली असते. आणि एसीत, काचेच्या टेबलासमोर, टाय लावलेल्या माणसाला "हे कशाचे?" एवढं विचारायला आपली जीभ उचलत नाही. त्यात सणाचा दिवस. शुभकार्यात तोंड वाईट करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. ताई मात्र दसऱ्याला, गर्दीत, न लाजता विचारत होती. तिला थांबवलं ते सेल्समनने नव्हे, मी.

गाडी घेणाऱ्यांसाठी चार साध्या गोष्टी लिहून ठेवतो. कोटेशन मुहूर्ताच्या आठ दिवस आधी घ्या, त्या दिवशी नको. प्रत्येक ओळीची वेगळी पावती मागा. आरटीओची रक्कम सरकारी पावतीशी ताडून पाहा आणि वरचे पैसे परत मागा. तरी ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आणि बरोबर कुणाला नेणार असाल तर माझ्यासारखा नेऊ नका.

काल ताईकडे गेलो आणि हे सगळं तिला सांगितलं. बेरीज दाखवली. तिने चष्मा लावून ती तपासली आणि म्हणाली, "बरोबर आहे. मी विचारलं होतं तेव्हाच."

"चुकलं माझं," म्हणालो.

"पैशाचं सोड रे. पण तू म्हणालास सगळीकडे घेतात, आणि मला वाटलं आपल्यालाच जगाची रीत ठाऊक नाही."

मग आम्ही डीलरला द्यायच्या पत्राचा मसुदा करायला बसलो. मी लिहिला, तिने लाल पेनाने शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. पत्र आज पोस्टाने टाकलं आहे. उत्तर आलं की कळवीनच.