गुंठ्याची वाडी, हेक्टरची भरपाई

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्याचा रस्ता हल्ली फोटो काढणाऱ्यांचा भलताच लाडका झालाय. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि प्रत्येक वळणावर दारं उघडी टाकून उभ्या असलेल्या गाड्या. ३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच पट्ट्यात ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वेगानं जमिनीवर चढलं होतं, हे त्या गाडीवाल्यांना सांगूनही खरं वाटत नाही. वाटावं कसं? छपरांवर नवे पत्रे आहेत, विजेचे खांब ताठ आहेत, ‘घरगुती जेवण मिळेल’च्या पाट्या पुन्हा रंगवून लागल्या आहेत. ‘सावरलं की कोकण!’ असं मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच.

सावरलं ते रस्त्याकडेचं. इथल्या घराचं तोंड रस्त्याला असतं आणि कमाई परसात. ओटी, माजघर, पडवी ओलांडून मागे गेलं की विहीर आणि तिच्यापुढे नारळी-पोफळीची वाडी. वादळानं घरं उघडी केली हे टीव्हीवर दिसलं. वाड्या आडव्या केल्या, ते पाहायला त्या टाळेबंदीच्या दिवसांत फारसं कुणी फिरकलंच नाही.

श्रीवर्धनातल्या अशाच एका वाडीत उभा होतो. पहिल्या नजरेला सगळं हिरवंगार. मान वर केली तेव्हा गोम लक्षात आली. जुन्या पोफळी आभाळात गेलेल्या, पण एकमेकींपासून लांब लांब. काहींना कमरेत बाक आलेला. त्यांच्या पायाशी लावणीची नवी रोपं, कुठे कमरेएवढी, कुठे डोक्याएवढी. मधल्या उंचीचं एकही झाड नाही. वाडीच्या कुंपणाला आणि पाण्याच्या पन्हळीला उभ्या चिरलेल्या पोफळीचे बुंधे वापरले होते. ‘वादळातलीच ती,’ वाडीच्या मालकीणकाकू म्हणाल्या. ‘जळण करून संपेनात, मग कुंपण केलं.’

काकूंची खरी तक्रार वेगळी होती. पोफळी दाट असतात तेव्हा तरबेज पाडेली एकदा वर चढला की शेंड्यावरून झोका घेऊन शेजारचं झाड पकडतो आणि खाली न उतरता घोस काढत जातो. आता मधे खिंडारं. प्रत्येक झाडाला उतरा, पुन्हा चढा. काम दुप्पट, मजुरीही तशीच. त्यात पाडेली मिळायचे वांधे. म्हणजे वाचलेल्या झाडांचं उत्पन्नसुद्धा पडलेल्या झाडांनी कमी केलं. हा हिशेब कुठल्या पंचनाम्यात बसवणार?

आंब्याची फांदी मोडली तर बाजूनं फुटवा येतो. नारळ-पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो गेला की उभं खोडही लाकूडच. नवं रोप लावलं तर पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं, बाणवली नारळाचीही तीच कथा. शिवाय लहान पोफळीला कडक ऊन सोसत नाही, ती वाढते नारळाच्या सावलीत. सावली देणारेच आडवे झाले, म्हणून आधी केळी लावा, केळीच्या आडोशानं पोफळ जगवा, नारळ मोठा व्हायची वाट बघा. जायफळाला सावली लागते, मिरीच्या वेलाला चढायला खोड लागतं. एकावर एक चढवलेले हे मजले पुन्हा पायापासूनच उभारावे लागतात.

आणि सरकारनं मोजलं कशात? हेक्टरात. केंद्राच्या निकषात फळबागेला हेक्टरी १८ हजार होते, राज्यानं ते ५० हजार केले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकायला आकडा भरघोस. पण शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या वाड्या पाच-दहा गुंठ्यांच्या, त्यातही सातबाऱ्यावर भावाबहिणींची रांग. दहा गुंठेवाल्याच्या हाती पाच हजार, आणि तेही वाटण्या होण्याआधी. आडवी झाडं तोडून वाडी मोकळी करायला याहून जास्त लागले असतील.

ओरड झाली तेव्हा शासनानं झाडाचं माप घेतलं: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. हे बरं केलं, मला ते मान्य आहे. नऊ फुटांवरची लागवड धरली तर गुंठ्यात पोफळी तेरा, नारळ जेमतेम दोन. सगळं भुईसपाट झालं असेल तर गुंठ्याला हजार-अकराशे. म्हणजे आधीच्या दुप्पट. पण पन्नास रुपयांत पोफळीचं रोप आणून खड्डा, खत करेपर्यंतच पैसे संपतात. मधल्या सहा-सात वर्षांच्या बुडालेल्या पिकाचा त्यात एक पैसाही नाही.

गंमत अशी की दुसरं सरकारी माप आधीपासून होतं. नारळ विकास मंडळाच्या विमा योजनेत सोळा वर्षांवरच्या फळत्या माडाची किंमत १,७५० रुपये धरली होती, वर्षाला १४ रुपये हप्त्यावर. माड तोच. विमा उतरवलेला पडला तर साडेसतराशे, न उतरवलेला पडला तर अडीचशे. ही योजना इथल्या किती वाड्यांत पोचली होती? काकूंनी तर तिचं नावही ऐकलेलं नव्हतं.

निसर्गनंतर वर्षभरात, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. पुढचं येईल तेव्हा तलाठी पुन्हा वही घेऊन पडलेली खोडं मोजत फिरणार, आणि लोकांनी वाट मोकळी करायला कापून जाळलेली झाडं पुन्हा हिशेबाबाहेर राहणार. त्यापेक्षा वाड्यांतली उभी झाडं आत्ताच मोजून, त्यांच्या वयासकट ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवावीत आणि भरपाई वयावर ठरवावी. चार वर्षांची पोफळ आणि तीस वर्षांची पोफळ एकाच दरात का जावी? कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धन गावातच आहे. निदान तिथे तरी ‘माहितगार माणूस मिळत नाही’ ही सबब चालायची नाही.