सिमेंट भरल्यावरही पाठ दुखते तेव्हा

हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेचा मणका घसरून पडल्याने, क्वचित पाण्याची बादली उचलल्यानेही, दबून मोडतो. अशा मणक्यात सुईवाटे सिमेंट भरतात, ही व्हर्टिब्रोप्लास्टी. (हे तंत्र १९८४ साली फ्रान्समध्ये प्रथम वापरले गेले, तेही मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी.) अनेकींचे दुखणे त्यानंतर उतरते, काहींचे उतरत नाही. क्ष-किरण चित्रात सिमेंट जागेवर असते आणि रुग्ण मात्र कूस बदलताना कळवळते. चित्रात दिसत नाही म्हणून तिची वेदना मनाची ठरवणे हे विज्ञान नव्हे.

मणका पुढून दबला की पाठीला बाक येतो आणि भार मागच्या फॅसेट सांध्यांवर सरकतो. सिमेंटचा आधार पुढच्या भागाला मिळतो; ताणलेले सांधे तसेच राहतात. अशा प्रत्येक सांध्याची संवेदना साधारणतः दोन बारीक मज्जातंतू वाहून नेतात. त्यांच्याजवळ लिडोकेन सोडले की तंतूच्या पटलातील सोडियमचे मार्ग बंद होतात आणि विद्युत-संदेश तिथेच थांबतो. हाच नर्व्ह ब्लॉक. कल्पना तर्कशुद्ध आहे. पण लिडोकेनचा परिणाम काही तासांत ओसरतो. मग आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या आरामाचे श्रेय कोणाला द्यायचे? मोडलेले हाड काळाबरोबर सांधते, आणि वेदना कळसाला असतानाच रुग्ण डॉक्टरांकडे येत असल्याने पुढचे मोजमाप बहुधा कमीच निघते. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर हे सारे त्या एका सुईच्या खात्यावर जमा होते.

व्हर्टिब्रोप्लास्टीचा इतिहास येथे नेमका उपयोगी पडतो. २००९ साली दोन चाचण्यांत खरी शस्त्रक्रिया आणि तिचे निव्वळ सोंग यांची तुलना झाली. दोन्ही गटांतील वेदना जवळपास सारखीच घटली. मात्र सोंगाच्या गटातही हाडाच्या आवरणापर्यंत भुलीचे औषध पोहोचवले होते. म्हणजे ते सोंग की एक प्रकारचा ब्लॉकच, असा आक्षेप पुढे आला. २०१६ सालच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सोंगाच्या गटाला भूल केवळ त्वचेखाली दिली होती, आणि तेथे सिमेंटचा लाभ दिसला. तेथील रुग्णांचे अस्थिभंग ताजे, सहा आठवड्यांच्या आतले होते, हेही ध्यानात ठेवावे लागेल. भुलीची सुई किती खोल गेली, एवढ्या तपशिलावरही निष्कर्षाचा अर्थ अवलंबून राहू शकतो!

म्हणून शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पाठदुखीसाठी ब्लॉकची शिफारस सरसकट करण्याआधी भारतीय रुग्णालयांनी एकत्र येऊन नीट चाचणी घ्यावी: एका गटाला लिडोकेन, दुसऱ्याला मिठाचे पाणी, कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि मोजणाऱ्याला अज्ञात, पाठपुरावा निदान काही महिन्यांचा. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. रुग्णही कमी नाहीत. कमी आहे तो मिठाच्या पाण्याची सुई टोचण्याचे नैतिक ओझे पेलण्याचा धीर. ते ओझे खरेच आहे. पण ज्याचा गुण सिद्ध नाही असे औषध वर्षानुवर्षे टोचत राहण्याचे ओझे त्याहून हलके कसे?

तोवर ब्लॉकला उपचार न म्हणता तपासणी म्हणावे. त्यानेही एकदा आराम पडला म्हणजे दोषी सांधा सापडला असे होत नाही. खोटे होकार पुष्कळ येतात. त्याआधी एमआरआय करून शेजारचा मणका नव्याने मोडला नाही ना, हे पाहणे अगत्याचे. सुईत स्टेरॉइड मिसळण्याचा प्रघातही या रुग्णांत जपून पाळावा, कारण वारंवार घेतलेले स्टेरॉइड हाडे आणखी विरळ करू शकते. आणि मूळ ठिसूळपणावरचे औषध सुरू झाले आहे का, हे तर पहिल्याच भेटीत विचारायला हवे.