वजन यंत्राने पेललं, कंपनाचं काय?

झरी जामणी तालुक्यात मुकुटबनच्या आसपास चुनखडीच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे. मोठ्या खाणींत भोकं पाडायला आता अवजड यंत्रं असतात. हाताने धरायचा ब्रेकर मात्र संपलेला नाही. तो कंत्राटी मजुराच्या हातात आहे. रस्ता फोडायचा असो, भिंत पाडायची असो की ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर विहीर खोदायची असो.

अशी अवजारं पेलणारे यांत्रिक हात जगात मिळू लागून बरीच वर्षं झाली. तत्त्व साधं आहे. टेबलावरचा स्प्रिंगचा दिवा जिथे सोडाल तिथेच थांबतो, तसंच. 1970 च्या दशकात गॅरेट ब्राउन यांनी सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी स्प्रिंगचा हात बनवला. त्याच कल्पनेवर पुढे ग्राइंडर, ड्रिल तोलणारे हात आले.

त्यांचा फायदा खरा आहे. पाच किलोचा ग्राइंडर दीड फूट लांब धरला, तर तो तोलायला खांद्याच्या स्नायूला अंदाजे पंचाहत्तर किलोइतका जोर लावावा लागतो, कारण स्नायू सांध्यापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर ओढतो. शिवाय आवळून ठेवलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. भिंतीत किंवा डोक्यावर काम करणाऱ्याला असा हात मिळायलाच हवा. विहिरीच्या तळाशी गोष्ट वेगळी. खाली रोखलेल्या ब्रेकरला त्याचं वजन कामीच येतं. कंबर मोडते ती दगडात अडकलेली छिन्नी उपसताना.

पण वजन उचललं म्हणजे मजूर सुटला, असं मला वाटत नाही. 1918 मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या कामगारांना तपासलं. हवेवर चालणारा हातोडा वापरणाऱ्या बहुतेकांची बोटं थंडीत पांढरी, बधिर पडत होती. कारण होतं कंपन. आपल्या उन्हाच्या मुलखात बोटं पांढरी पडलेली सहसा दिसत नाहीत. मुंग्या येतात, पकड सुटते, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. घरचे म्हणतात, वय झालं.

युरोपात 2002 च्या निर्देशाने कंपनाला रोजची मर्यादा घातली आहे. तो हिशेब लावला तर दहा मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं कंपन देणारं अवजार अर्ध्या तासात सावधगिरीची पातळी गाठतं आणि दोन तासांत कमाल मर्यादा. यांत्रिक हातामुळे मूठ सैल राहते, त्याने कंपन थोडं कमी पोचतं. पण न थकणारा मजूर दोनाऐवजी सहा तास ब्रेकर चालवू लागला, तर खांदा वाचेल आणि बोटं जातील. ठेक्यावर काम देणारा मुकादम काय करेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याने कळवणं बंधनकारक केलेल्या 29 रोगांत सिलिकोसिस होता, आवाजाने येणारं बहिरेपण होतं. कंपनाने हाताला होणारा आजार नव्हता. न मोजलेल्या आजारावर पैसा कोण खर्च करणार?

म्हणून यांत्रिक हात जरूर आणा, पण त्याच निविदेत प्रत्येक माणसाने ब्रेकर किती मिनिटं धरायचा आणि पाळी कधी बदलायची, हेही लिहा. आणि मुकुटबन भागातल्या डॉक्टरांनी बोटांना मुंग्या येतात म्हणून आलेल्या मजुराला गोळी देण्याआधी विचारावं, ‘दिवसभर हातात काय असतं?’